कोल्हाट

पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादेत मराठी आणि तेलुगू एकाच दुकानात, कधीकधी एकाच वाक्यात ऐकू येतात. तेलुगू घरांतल्या बायका सणावारी छोट्या काठ्या एकमेकींवर वाजवत फेर धरतात, तो कोलाटम. कोल म्हणजे काठी, आट म्हणजे खेळ. हे कानावर पडलं की मराठी माणसाला कसरती करणारा कोल्हाटी आठवलाच पाहिजे.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ 1916 चा. आदिलाबादला लागून असलेला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यांनी लिहून ठेवलंय, की कोल्हाटी लोक ज्या लांब बांबूच्या आधारानं उड्या मारतात त्याला कोल्हाट म्हणतात, आणि त्यावरून त्यांचं हे नाव. दांडेवाला, बांसबेरिया ही त्यांची इतर नावंही बांबूचीच. म्हणजे बांबूच्या जोरावर उडणाऱ्यासाठी आपल्याकडे चांगला सुटसुटीत शब्द होता! आज शाळेच्या मैदानावर ‘बांबू उडी’ म्हणतात खरं, पण ती मारणाऱ्याला काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नाही.

कोल्हाटी शब्दातला बांबू गळून पडला, जात तेवढी उरली. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन वाचताना आपल्याला तमाशाचा फड दिसतो, आईची फरफट दिसते. उडी कुणाच्या मनातही येत नाही. ती कोलांटउडी होऊन बातम्यांत गेली, पक्ष बदलणाऱ्यांच्या वाट्याला. (त्यांना तर बांबूही लागत नाही.)

तिकडे बांबू उडीत, म्हणजे पोल व्हॉल्टमध्ये, बांबूची शान काही वेगळीच. 1940 मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं जगात पहिल्यांदा पंधरा फूट ओलांडले ते बांबूच्याच पोलवर. मग काचतंतूचे पोल आले. ते कमानीसारखे वाकतात आणि ताठ होताना माणसाला वर भिरकावतात. आर्मंड डुप्लांटिसनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तशाच पोलच्या जोरावर 6.25 मीटर पार केले.

डुप्लांटिसचे वडीलही पोल व्हॉल्टरच. त्यांनी घरामागच्या अंगणात खड्डा-गादी करून पोराला लहानपणीच उडवायला सुरुवात केली. रक्तातच खेळ आहे, असं आपण कौतुकानं म्हणतो. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीलाही बांबू धरायला बापानंच शिकवलेलं असतं. तिच्या रक्तात काय आहे ते मात्र आपण जातीच्या दाखल्यावर वाचतो.