विद्याधरांचे राज्य

आमच्या नांदेडला गोदावरी येते ती पैठणावरून. कथासरित्सागर खरे मानायचे, तर विद्याधरांचे राज्यही पैठणचेच!

राज्य मोठे झोकदार. कैलासाच्या अलीकडे एक भाग, पलीकडे दुसरा. प्रजा आकाशातून हिंडणारी. विद्या हेच तिचे धन. शाप लागला की माणसाच्या जन्माला यायचे. आणि चक्रवर्ती कोण, तर उदयनाचा मुलगा नरवाहनदत्त, आपल्यासारखाच माणूस.

ही कथा लिहिली गुणाढ्याने. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा हा प्रधान. पैज हरला म्हणून संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा त्याने सोडल्या, उरली पैशाची. रानात शाई कुठली? रक्ताने सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहिले. राजाने भाषा ऐकूनच नाक मुरडले. (राणी संस्कृतात 'पाणी उडवू नका' म्हणाली, तर लाडू मागवणारा तो हाच राजा!) मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. चरायचे विसरून जनावरे वाळली, तेव्हा कुठे राजा धावत आला. सहा लक्ष जळून गेले होते. वाचला तो नरवाहनदत्त. पुढे तेही पैशाची पुस्तक हरवले. ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात सांगितले, ते आपल्या हाती आहे.

निजामी अमदानीत, १९४८ पूर्वी, माझे आजोबा भूगोलसुद्धा उर्दूतून शिकले. मराठी तेवढी घरच्या ओसरीवर. ही गोष्ट सांगताना राजाने नाक मुरडल्यापाशी आले की ते थांबत आणि बराच वेळ तंबाखू मळत बसत.

लातूरच्या माझ्या वर्गात परवा एका पोराने विचारले, "गुर्जी, जळालेले सहा लक्ष त्या जनावरांना पाठ असतील का हो?"