आपल्या नदीच्या पाठोपाठ गडचिरोलीला



युरोपात बाल्कन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथला मॉन्टेनेग्रो हा देश २००६ साली स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ १३,८१२ चौरस किलोमीटर, वस्ती सहा लाखांच्या घरात. लोक विमानाने तो पाहायला जातात. आपला गडचिरोली जिल्हा त्याहून मोठा, १४,४१२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत वस्ती दहा लाखांवर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूरपासून वेगळा झाला, म्हणजे तोही तरुणच. पण आर्वीच्या बसस्टँडवर विचारून पाहा, गडचिरोली पाहिलेला माणूस दहात एक भेटला तर नशीब.

मलाही कुठे जायचे होते? १९९८ साली बदलीचा कागद आला तेव्हा शेजारी म्हणाले, "काय भाऊ, साहेबांशी भांडले काय?" माय दोन दिवस नीट जेवली नाही. नक्षलवाद्यांच्या बातम्या पेपरात रोज येत. भीती खोटी नव्हती; पण तिच्यापायी अख्खा जिल्हाच आपण नकाशावरून पुसून टाकला होता.

मी कपाशीच्या मुलखातला माणूस. पहिल्याच सभेत बोंडअळीवर अर्धा तास बोललो. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "सायेब, तुमी कधी रोवना केला का?" केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पँट गुडघ्यावर गुंडाळून तिच्या बांधीत उतरलो. संध्याकाळी कंबर धरून बसलो, तशा साऱ्या बाया हसल्या. बी.एस्सी.चे माझे खरे शेवटचे वर्ष ते. रोवणी कुठे परवडते आणि आवत्या कुठे, हे तिथेच समजले.

जायचे तर नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एस.टी.ने जा. वैनगंगा ओलांडली की आरमोरी, तिथे कोशाचे कापड विणतात. रेल्वेने वडसा गाठता येते. धान घरात आले की या भागात शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. झाडीपट्टीची ही नाटके पाहायला दहा-दहा कोसांवरून लोक येत. घोंगडी मात्र सोबत ठेवा, पहाटे थंडी फार.

धानोरा रस्त्यावरचे मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव चुकवू नका. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबू विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. निर्णय मत मोजून होत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचे. आपल्याकडे पांदण रस्त्याच्या दोन हातांसाठी भाऊ भावाला कोर्टात ओढतो, म्हणून मुद्दाम सांगतो. तिथे जायचे तर आधी विचारून जा, आणि बायाबापड्यांचे फोटो न विचारता काढू नका. ते काही प्रदर्शन नव्हे.

पुढे चामोर्शीजवळ मार्कंड्याची दगडी देवळे, आलापल्लीचा साग. त्याही पुढे हेमलकसा, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडच्या वाटेला पावसाळ्यात जाऊ नका, पर्लकोटेच्या पुराने तो रस्ता कित्येकदा बंद पडलेला आहे. इतर दिवसांतही उजेडी प्रवास करावा आणि स्थानिकांना विचारून पुढे निघावे.

माझी परत बदली झाली तेव्हा त्या म्हातारीने पायलीभर नवे तांदूळ फडक्यात बांधून दिले. मायने ते सणासुदीलाच शिजवले.

आणि एक ठिकाण राहिले, चपराळा. आपण कौंडण्यपूरच्या घाटावर ज्या वर्धेत अंघोळ करतो, ती तिथे वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता होऊन सिरोंच्याकडे गोदावरीला जाते. हिवाळ्यात पाणी नितळ असते. काठावर उभे राहिलात की आपल्या बाजूने आलेली धार कोणती, ते कोणीही हात करून दाखवतो.