भोंग्यावरचा रॅप

तुळजापुरात ‘ठंडा ठंडा पानी’चा विषय काढा, पन्नाशीच्या आसपासच्या माणसांत आजही दोन तट पडतात. एक जण लगेच मांडीवर ठेका धरतो. दुसरा त्याला तिथल्या तिथे अडवतो, “ते काय गाणं हुतं व्हय?” बाबा सेहगलचा हा अल्बम मॅग्नासाउंडने १९९२ साली काढला. लखनौचा, इंजिनिअरिंग शिकलेला हा गायक. ‘दिलरुबा’ आणि ‘अलीबाबा’ हे त्याचे अल्बम आधी येऊन गेले होते, पण हिंदीतला रॅप गावोगाव पोचला तो या कॅसेटमुळे. काही महिन्यांत तिच्या लाखभर प्रती खपल्या असं सांगतात.

मी गोंधळाचं आणि आराधी मेळ्यांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करते. या कामात गाणारा जितका महत्त्वाचा तितकाच ऐकणाराही. म्हणून रेकॉर्डिंगच्या मधल्या वेळेत, चहा होईपर्यंत, मी या कॅसेटबद्दल लोकांना विचारत आले. उत्तरं इतकी उलटसुलट मिळाली की नुसत्या आवडीनिवडीवर ती सोडून देणं मला पटेना. एकच कॅसेट, एकच गाव, आणि तरी लोक जणू वेगवेगळ्या गाण्यांबद्दल बोलत होते.

जाणकारांचा आक्षेप जुनाच आहे. शीर्षकगीताची चाल अमेरिकेच्या व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’वरून उचललेली. ते गाणं १९९० साली बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि हिपहॉपच्या वाट्याला तो मान पहिल्यांदाच आला. पण त्याचा प्राण असलेली बेस गिटारची ओळही उसनीच होती. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ सालच्या ‘अंडर प्रेशर’मध्ये जॉन डीकनने ती वाजवली होती. त्यावरून तिकडे मोठा वाद झाला आणि पुढे मूळ मंडळींची नावं श्रेयात घालावी लागली. म्हणजे आपल्याकडे माल पोचला तो तिसऱ्या हाताने. सोलापूरला कॉलेजात असलेली आणि घरी डिशच्या केबलवर एमटीव्ही बघणारी मुलं हे तेव्हाच ओळखून होती. त्यांच्यातला एक, आता इथेच शिक्षक आहे, तो अजून म्हणतो, “चोरीचा माल, मॅडम. बाकी काही बोलायचं नाही.”

त्याचा राग खोटा नाही. पण त्याने ही कॅसेट कशावर ऐकली होती, हे मी विचारलं. मामाच्या घरी मोठा डेक होता, लाकडी खोक्यातले दोन स्पीकर होते. इथे मला धागा सापडला.

बाकीच्या गावाने ती ऐकली भोंग्यावर. महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकू, बांगड्या, परड्या आणि कवड्यांच्या माळांच्या दुकानांच्या ओळीतच कॅसेटवाले बसायचे. पुढच्या फळीवर देवीची गाणी, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. मागच्या फळीवर हिंदी. गर्दी कमी असली की दुकानातलं पोरगं मागच्या फळीवरची कॅसेट लावायचं. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या वरातीत, सोलापूर रस्त्यावरच्या वडापच्या जीपमध्ये तेच. जीपमध्ये डॅशबोर्डखालचा छोटा टेप, आणि बाकी सगळीकडे लोखंडी कर्णा.

कर्ण्याचं गणित साधं आहे. तो माणसाचा आवाज लांबवर फेकण्यासाठी बनवलेला असतो. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं त्याला जवळपास पेलतच नाही. बेस गिटारचे मूळ स्वर बहुतेक ४० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान असतात. त्यात कॅसेट दहादा भरलेली, टेपचं हेड मळलेलं, रबरी पट्टा सैल पडलेला. अशा अवस्थेत भोंग्यातून जे बाहेर पडायचं त्यात ती कुप्रसिद्ध बेसची ओळ जवळजवळ नसायचीच. उरायचा तो वरचा कचकच ठेका आणि त्यावर भरभर बोलणारा एक माणूस. कर्णा बोललेला शब्द मात्र अगदी धारदार पोचवतो. ज्या ओळीपायी जाणकार या गाण्याला चोर ठरवत होते, ती ओळ तुळजापूरच्या बाजारात फारशी कुणी ऐकलीच नव्हती. इथे ऐकू आला तो ठेक्यात बोलणारा गडी, आणि त्याला तपासायला इथले कान तयारच होते.

गोंधळ ज्यांनी रात्रभर बसून ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. चौक मांडला, दिवटी पेटली, गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला यायचं आवतण देऊन झालं, की मुख्य गोंधळी आख्यानाला हात घालतो. तो सतत गात नाही. गाता गाता बोलण्यावर येतो, बोलता बोलता चढतो, आणि त्याच्या बोलण्याखाली संबळ चालूच असतो. साथीदार मध्येच “मग?” म्हणून टोकतो, उलटा प्रश्न टाकतो, लोकांना हसवतो. अमेरिकेतल्या पब्लिक एनिमी या गटात फ्लेव्हर फ्लेव्ह नेमकं हेच करायचा. मुख्य रॅपर बोलत असताना मधून हाळी देणं, शब्द उचलून धरणं. हा समांतरपणा मी ओढूनताणून आणत नाही. ठेक्यावर बोलून लोकांना धरून ठेवायचं असेल तर कुठल्याही मुलखात एक टोकणारा लागतोच.

त्यामुळे इथल्या वयस्क गोंधळ्यांकडून मला “हे गाणंच नव्हे” असं फारसं ऐकायला मिळालं नाही. ती तक्रार भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांची. “सूर न्हाई, चाल न्हाई,” असं ते म्हणायचे आणि विषय मिटवायचे. गोंधळ्यांची तक्रार बारीक होती. एका संबळवादकाने मला सांगितलं, “बोलतूय झकास, ताई. पर सांगतूय काय? आख्यान कुठाय?” दुसऱ्याचं म्हणणं असं की हा माणूस दर ओळीला एकाच जागी येऊन बसतो. लोकांना आधीच कळतं तो कुठे थांबणार, मग कान कशाला टवकारायचा?

इतकी नेमकी समीक्षा मी छापील मजकुरात वाचलेली नाही. मला हे मत पूर्ण पटतं. ‘ठंडा ठंडा पानी’तला शब्द माझ्या कानाला ठेक्यावर फार आज्ञाधारकपणे चालतो. यमक ओळीच्या शेवटी, ठरल्या मात्रेवर, पुन्हा पुन्हा. चांगला रॅपर ओळ मात्रेच्या अलीकडे सोडतो, पलीकडे नेतो, यमक मध्येच कुठेतरी लपवतो आणि तरीही समेवर सुखरूप उतरतो. चांगला गोंधळीही तेच करतो.

मग बायकांचं काय? आराधी मेळ्यातल्या दोघीतिघींनी ही कॅसेट आवडायची असं अगदी मोकळेपणाने सांगितलं. एक म्हणाली, “आमी ऊसतोडीला जायचो तवा ट्रकात ड्रायव्हर लावायचा. रातच्याला समदी पोरं जागी ऱ्हायची, हसायची.” शब्द कळायचे का, असं मी विचारलं. “अर्धे कळायचे. पर त्यो खुशीत हाय एवढं कळायचं की.” या उत्तरावर मला वाद घालावासा वाटत नाही. बाबा सेहगलच्या आवाजात एक खट्याळ मजा होती, स्वतःला फार मोठं न मानणारी, आणि ती ट्रकच्या हौद्यात गाठोड्यांवर बसलेल्या माणसांपर्यंत पोचली. व्हॅनिला आइसच्या गुर्मीपेक्षा मला ती कितीतरी जवळची वाटते.

त्या ‘आख्यान कुठाय’ म्हणणाऱ्या संबळवादकाला मी अलीकडे हे गाणं चांगल्या स्पीकरवर ऐकवलं. त्यांच्या ओसरीत, दुपारच्या वेळी. त्यांनी संबळ कमरेला बांधला, टोकाला वळलेली काठी एका हातात, सरळ काठी दुसऱ्यात. पहिलं कडवं नुसतं ऐकलं. मग मान वर करून म्हणाले, “ह्ये खालचं तवा कुठं हुतं?” बेसची ओळ त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आली होती. गाणं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी आठ मात्रांत हात टाकला, संबळाच्या जड आवाजाच्या धुमावर घुमारा ठेवला आणि चढ्या आवाजाच्या झीलवर मात्रांच्या मधल्या रिकाम्या जागा भरत गेले. दोन आवर्तनं झाल्यावर हात थांबवला.

“आता जास्त आवडलं का?” मी विचारलं.

“न्हाई. आता त्याला कामच ऱ्हायलं न्हाई. समदं ह्ये खालचंच ओढतंय. भोंग्यावर बिचारा एकला लढत हुता.”

मी आजवर गोळा केलेल्या मतांत हे सर्वांत मोलाचं. उसन्या सुरावळीचा मुद्दा आम्ही नीतीचा करून बसलो होतो. यांनी तो कारागिरीचा केला. खालचा ठेका आधीच इतका भरगच्च असेल तर बोलणाऱ्याला धडपडावं लागत नाही, आणि न धडपडणारा बोलणारा आळसावतो. हिंदीतली पुढची बरीच पॉपगाणी याच आळसाने भरलेली आहेत. ए. आर. रहमानने १९९४ सालच्या ‘कादलन’मध्ये ‘पेट्टई रॅप’ केलं, तेव्हा तमिळ बोलीची रांगडी चाल ठेक्याशी झोंबताना ऐकू आली. ती मला अजून ताजी वाटते.

आता मराठीतही रॅप आहे आणि तो ताठ मानेने उभा आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटातला एमसी मवाली मराठीत बोलतो. आरे जंगलाच्या बाजूने झालेल्या त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ते गाणं मी त्याच ओसरीत ऐकवलं. संबळवादक बराच वेळ मान हलवत होते. “ह्यात सांगनं हाय,” म्हणाले. त्यांचा पुतण्या शेजारीच बसला होता, कानात इअरफोनची एक गोळी. त्याला मात्र ते संथ वाटलं. त्याचं म्हणणं, बीट आणखी जड हवा होता, छातीत बसायला पाहिजे. काका म्हणाले, “छातीत काय बसवतूस, कानात बसव.” पुतण्याने दुसरं गाणं लावलं, फोन काकांच्या हातात दिला, आणि दोघांचा वाद पहिल्यापासून सुरू झाला.