कोऱ्या फाइलमधला ताल

रेकॉर्डिंगचं जवळपास कोणतंही सॉफ्टवेअर उघडून नवी फाइल घेतली, की पडद्यावर एकही सूर नसतो. पण बरंच काही ठरून गेलेलं असतं. लय मिनिटाला १२०. ताल चार मात्रांचा, पहिली मात्रा ठळक. ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झवर. सप्तकाचे बारा सारखे भाग. कीबोर्डच्या डाव्या बाजूचं पिच व्हील वर-खाली दोनच अर्धस्वर सरकणारं. ज्या संगीताला डोळ्यांसमोर ठेवून हे आकडे घातले, तिथे ते चपखल बसतात. माझ्याकडे मात्र रूपकातलं भावगीत येतं, काळी चारमध्ये गाणारी गायिका येते, आधी संथ आलाप आणि मग ठेका अशी रचना येते. तेव्हा यातला क्वचितच एखादा आकडा जसाच्या तसा चालतो.

म्हणून सेटिंगच्या खिडकीत जाणारा वेळ मला कधी फुकट गेल्यासारखा वाटला नाही. मैफलीआधी तंबोरा लावायला जो वेळ लागतो, तो आपण बिनतक्रार देतो. इथेही तसाच द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. इथे घेतलेला प्रत्येक निर्णय पुढे गाण्यात ऐकू येतो.

सगळ्यात आधी ऐकू येतो तो बफर. गायिका काचेपलीकडे उभी राहते, हेडफोन लावते, मुखडा म्हणून बघते. दुसऱ्या ओळीपर्यंत तिचा हात वर जातो आणि हेडफोनचा एक कान मागे सरकतो. ती तक्रार करत नाही. बहुतेक गायकांना नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही. पण तो सरकलेला कान दिसला, की मी थेट बफरचा आकडा बघते.

संगणक आवाज सलग घेत नाही, घासाघासाने घेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना बफर ५१२चा असेल, तर एक घास साधारण १२ मिलिसेकंदांचा होतो. आवाज आत यायला एक घास, बाहेर पडायला दुसरा, शिवाय इंटरफेसचा, म्हणजे माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या यंत्राचा, स्वतःचा थोडा वेळ. पंचवीसेक मिलिसेकंद सहज होतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज आठ मीटरपेक्षा जास्त अंतर कापतो. म्हणजे गायिकेला स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधून खोलीच्या पल्याड कुणीतरी गायल्यासारखा. यात सूर कसा लागणार? बफर १२८वर आणला तर एक घास तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. पण संगणकाला मग धापा टाकाव्या लागतात, आणि जड प्लग-इन चालू असतील तर आवाजात ‘कट्‌ कट्‌’ येऊ लागते.

माझी रीत अशी: कोरडा आवाज सॉफ्टवेअरमधून परत पाठवायचाच नाही. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर चालू करायचं, म्हणजे तो वाटेत कुठे न थांबता थेट कानात जातो. पण नुसत्या कोरड्या आवाजावर गाणं कुणालाच रुचत नाही, थोडा रिव्हर्ब हवाच असतो. तो सॉफ्टवेअरमधून द्यायचा, मात्र निव्वळ रिव्हर्ब, मूळ आवाज त्या वाटेवर बंद. रिव्हर्ब पंचवीस मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिराच येतो. हेडफोनचा कान जागेवर येतो आणि गायिका डोळे मिटून गाऊ लागते.

ढोलकीवाल्याचं दुखणं वेगळं. त्याला त्याची ढोलकी समोरच ऐकू येते, त्यामुळे वाजवताना काही खटकत नाही. पण नंतर ऐकलं की ठेका जरा ओढल्यासारखा, मागे बसल्यासारखा वाटतो, आणि दोष वादकाला दिला जातो. बऱ्याचदा तो दोष त्याचा नसतोच. इंटरफेस आपला उशीर किती ते सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढा ट्रॅक अलीकडे सरकवतं. पण सांगितलेला आकडा नेहमी खरा नसतो. एक केबल घ्यायची, इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटला जोडायची, एक टकटक वाजवून ती पुन्हा रेकॉर्ड करायची आणि पडदा मोठा करून दोन्हींत किती नमुन्यांचं अंतर पडलं ते मोजायचं. तो आकडा सेटिंगमध्ये हाताने भरायचा. पाच मिनिटांचं काम आहे. लावणीच्या ढोलकीत चार-पाच मिलिसेकंदांनीही तोल बदलतो, म्हणून नवा इंटरफेस आला की मी हे आधी करते.

आता मिडीकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्याकडे. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६, एका केबलने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही त्यामागची दोन मुख्य माणसं; २०१३मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून एक भाषा ठरवावी आणि ती चाळीस वर्षांवर टिकावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ती भाषा किल्ल्यांच्या वाद्याची आहे. कुठली किल्ली, किती जोरात दाबली, कधी सोडली. सारंगीला किल्ली नाही, गळ्यालाही नाही. आपल्याकडे दोन स्वरांच्या मधल्या वाटेतच अर्धं गाणं असतं, आणि ती वाट या भाषेत पिच बेंडच्या वाट्याला येते.

तो बेंड दोन अर्धस्वरांवर अडकलेला असेल, तर सा वरून कोमल किंवा शुद्ध रिषभापर्यंत जाता येतं, पुढे दार बंद. सा ते पंचम मींड घ्यायची तर सात अर्धस्वर लागतात. म्हणून मी बेंडची मर्यादा बारावर नेते. ती दोन ठिकाणी बदलावी लागते, सॉफ्टवेअरमध्ये आणि वाद्याच्या आवाजातही. एकीकडे बारा आणि दुसरीकडे दोन राहिले, तर पडद्यावर मींड देखणी दिसते आणि कानाला भलतंच ऐकू येतं.

मर्यादा वाढवली की आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मिडीत बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात. बारा अर्धस्वर वर आणि बारा खाली, म्हणजे २,४०० सेंटमध्ये (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा हिस्सा) त्या वाटल्या, तर एक पायरी सेंटच्या सातव्या हिश्श्याइतकी येते. कानाला ती कळत नाही, मींड गुळगुळीत लागते. पण अनेक स्वस्त कीबोर्डांचं व्हील प्रत्यक्षात १२८ पायऱ्याच पाठवतं. तेव्हा एक पायरी जवळपास १९ सेंटची होते आणि मींडीऐवजी जिना ऐकू येतो. अशा कीबोर्डवर मी मर्यादा पाच-सातच्या पुढे नेत नाही, किंवा वक्ररेषा माउसने काढते. शिवाय बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो. तंबोरा आणि बासरी एकाच चॅनेलवर असतील, तर बासरीच्या मींडीबरोबर तंबोराही सरकतो. स्वरवाद्यांना स्वतंत्र चॅनेल द्यावं, हे त्यामुळेच.

पेटीच्या बाबतीत उलट गंमत आहे. कीबोर्ड किल्ली किती जोरात दाबली ते मोजतो आणि त्याप्रमाणे आवाज लहान-मोठा करतो. खऱ्या पेटीत बोटाच्या जोराचा आवाजाशी संबंध नसतो, आवाज भात्याचा असतो. म्हणून पेटीच्या ट्रॅकवर मी व्हेलॉसिटी एकाच आकड्यावर बांधून टाकते आणि भात्याचं काम एक्स्प्रेशन कंट्रोलरकडे, म्हणजे सीसी ११कडे सोपवते. तो पायाच्या पेडलवर घ्यावा. दीर्घ स्वर धरताना पाय हळूच वर-खाली झाला, की पेटी श्वास घेऊ लागते. हा एवढा बदल केला नाही, तर महागातल्या महाग लायब्ररीची पेटीसुद्धा पियानोच्या हाताने वाजवल्यासारखी वाटते.

क्लिकबद्दल, म्हणजे लय धरायला कानात वाजणाऱ्या ठोक्याबद्दल, माझं जरा जास्तच आग्रही मत आहे. रूपकाच्या सात मात्रा सॉफ्टवेअरला सांगता येतात, सात बाय चार लिहिलं की झालं. पण क्लिक पहिल्या मात्रेवर उंच, जोरकस ‘टिंग’ वाजवतो. रूपकात समेवरच खाली आहे. ती ती ना, धी ना, धी ना. तबलजी समेवर हात हलका ठेवतो आणि कानात तिथेच घण पडतो. चांगला वादक तेही निभावून नेतो, पण त्याचं वजन चुकीच्या जागी जाऊ लागतं. काही सॉफ्टवेअरमध्ये क्लिकच्या ठोक्यांचा नमुना आपल्याला लिहिता येतो. तिथे मी चौथी आणि सहावी मात्रा भरीव करते आणि समेला एक वेगळा पण मऊ आवाज देते. झपतालात दोन-तीन-दोन-तीन असे विभाग मांडते. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल, तर मिनिटाला १५ ठोके येतात आणि मधल्या शांततेत सगळेच चाचपडतात. तिथे मात्रेचे चार भाग करून ६०वर क्लिक लावावा, आवाज अगदी बारीक.

आणि जिथे लयच नाही तिथे? आलाप क्लिकवर गाऊन घेऊ नये. तो मोकळा गाऊन घ्यावा. पण त्याआधी त्या ट्रॅकचा टाइम बेस ‘बीट्‌स’वरून ‘टाइम’वर आणावा. नाहीतर ठेका सुरू झाल्यावर लय १२०वरून ७६ केली, की आलापाचे तुकडे मात्रांना चिकटलेले असल्यामुळे लांब लांब जाऊन बसतात आणि दोन तुकड्यांमधला गायिकेने घेतलेला श्वास विस्कटतो. टाइम बेस बदलला की आलाप घड्याळाच्या वेळेला बांधलेला राहतो, लय काहीही होवो. मी तर बंदिशीतसुद्धा शक्य असेल तेव्हा गायकाला तबल्याबरोबर गाऊ देते आणि लयीचा नकाशा मागाहून त्यांच्या समांवर बसवते. बाकीच्या वाद्यांनी त्यांच्यामागे यावं.

सॅम्पल रेट, ऑटोसेव्ह यांवर फार बोलण्यासारखं नाही. मालिका किंवा चित्रपटाचं काम ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवावं. ४४.१ची फाइल रूपांतर न करता ४८वर वाजली, तर काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं, तेही धावत. आपोआप सेव्ह होण्याची मुदत दोन-तीन मिनिटांवर आणावी, कारण लाइट कधीही जाते.

एका सोयीबद्दल मात्र सांगायलाच हवं. लाल बटण दाबलेलं नसतानाही आपण कीबोर्डवर जे वाजवतो ते मागे साठवून ठेवायची सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे; क्युबेस तिला रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड म्हणतं, लाइव्हमध्ये ती कॅप्चर नावाने सापडते. चाल सुचते ती बहुतेकदा बोटं सहज फिरत असताना. रेकॉर्ड दाबलं की बोटं सावध होतात. ही सोय चालू ठेवली, साठवणीची मर्यादा वाढवली, की मुखडा सहज आलेल्या रूपातच हाती लागतो. संगीतकारांना मी सगळ्यात आधी हेच लावून देते.

उरला सूर. जुनी पेटी क्वचितच ४४०वर असते. कुणाची चढी, कुणाची उतरी. पेटी पुन्हा लावत बसण्यापेक्षा तिचा सा मोजावा आणि प्रोजेक्टचं ट्युनिंग तितके सेंट हलवावं, म्हणजे बाकीचे सगळे मिडी आवाज तिच्याकडे येतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप झिरपणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो आणि कीबोर्डचा ४०० सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक तंबोरा मागे चालू असताना डोळ्यांत कुसळ जावं तसा टोचतो. हे भांडण संगणकाने आणलेलं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आधाराने श्रुती मोजायचे प्रयत्न केले, ते पेटीच्या याच ठरीव बारा सुरांशी झगडत. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणली.

आज हे काम सेटिंगमध्ये करता येतं. लॉजिकमध्ये प्रत्येक स्वर किती सेंट हलवायचा ते भरता येतं, आणि २०२४मध्ये आलेल्या लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत सप्तकाचा अख्खा तक्ताच बाहेरून घालता येतो. मी यमनाचा, भूपाचा, तोडीचा असे वेगळे तक्ते करून ठेवले आहेत. तोडीचा गंधार इतरांहून खाली असतो, म्हणून एकच तक्ता सगळीकडे लावता येत नाही. यमनात शुद्ध गंधार खाली आणला की तंबोऱ्यावर ठेवलेला साधा सिंथ पॅडसुद्धा एकदम स्थिर होतो.

दरबारीचा गंधार मी तक्त्यात घालत नाही. तो एका जागी उभाच राहत नाही, रिषभाकडून येतो, मध्यमाकडे झुकतो, पुन्हा खाली उतरतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या संथपणाने. त्याच्यासाठी एक रिकामं चॅनेल ठेवते, बेंड तीन अर्धस्वरांवर आणते म्हणजे व्हीलला बारीक पकड येते, स्वरांना मात्रांवर ओढणारं क्वांटाइझ बंद करते आणि आंदोलन हाताने वाजवते.