मी मागे बसे

गेल्या पौषात आम्ही चार दिवस राजगढला होतो. राजगढ म्हणजे धार जिल्ह्यातलं, मोहनखेड्याच्या शेजारचं गाव. माझे आजोबा तिथे मास्तर होते आणि माझी आजी अजून तिथल्याच घरात राहते. वय त्र्याऐंशी, माहेर वाईचं, लग्न होऊन माळव्यात आल्याला साठ वर्षं उलटली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंदूरला बी. ई. केलं, मग नोकरीसाठी पुणं गाठलं, आता कॅनडाचा अर्ज भरायची तयारी चालू आहे. फ्रेंचची परीक्षा चांगली गेली तर त्या अर्जात गुण वाढतात, म्हणून दीड वर्ष फ्रेंच शिकतो आहे.

तर त्या सकाळी ओसरीवर बसून मी घोकत होतो, "पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिये, पार्लास." आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय रे, बिस्किटं विकायला निघालास का?"

फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणे. मी जे घोकत होतो ते त्या क्रियापदाचं एक जुनं रूप. आपण म्हणतो ना, 'त्याने बोलावं अशी माझी इच्छा होती', त्यातल्या 'बोलावं'च्या जागी फ्रेंचमध्ये ते येतं. मराठीत इच्छा आज असो की काल, 'बोलावं' तेच राहतं. जुन्या फ्रेंचमध्ये मात्र इच्छा कालची असेल तर इच्छिलेली गोष्टही भूतकाळातल्या वेगळ्या रूपात घालावी लागते.

नियमित क्रियापदांना ही रूपं करणं सोपं आहे. साध्या भूतकाळातलं 'तू'चं रूप घ्यायचं. त्याच्या शेवटी एक 'स' लिहिलेला असतो, पण उच्चारत नाहीत. त्याला 'से' जोडलं की झोपलेला 'स' जागा होतो आणि 'पार्ला'चं 'पार्लास' होतं. 'पार्ले'च्या जातीच्या क्रियापदांत 'आ' येतो, उरलेल्या दोन नियमित जातींत 'इ'. संपवणे म्हणजे 'फिनिर', त्याचं 'फिनिस'. विकणे म्हणजे 'वाँद्र', त्याचं 'वाँदिस'. 'तो'चं रूप तेवढं वेगळं असतं. तिथे 'स' गळतो, स्वरावर टोपीसारखं चिन्ह येतं आणि शेवटी न उच्चारायचा 'त' लागतो. ती टोपी म्हणजे गळालेल्या 'स'ची खूण. मी याचा तीसेक ओळींचा प्रोग्रामसुद्धा लिहिला आहे. कुठलंही नियमित क्रियापद टाका, सहाच्या सहा रूपं बिनचूक येतात.

हे सगळं मी आजीला जमेल तसं सांगितलं. तिने विचारलं, "मग तिकडचे लोक असं बोलतात?"

"नाही. कोणीच नाही. पुस्तकात सापडतं, तेही बहुतेक 'तो'चं रूप. 'पार्लासियों' असं बोलण्यात कोणी म्हटलं तर लोक हसतील. फ्रान्सच्या सरकारने २८ डिसेंबर १९७६ला एक आदेश काढला, की परीक्षेत याच्या जागी साधं वर्तमानातलं रूप लिहिलं तरी चूक धरू नये."

"आणि तुझ्या परीक्षेत?"

"नाही विचारत."

"मग घोकतोस कशाला?"

खरं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही. नियम पूर्ण शाबूत असताना एखादी गोष्ट बोलण्यातून जाते कशी, याचं मला कोडं पडलं होतं. आम्हा प्रोग्रामरना वाटतं की नियम लिहून ठेवला की गोष्ट टिकली.

दुसऱ्या दिवशी पौष शुद्ध सप्तमी होती. मोहनखेड्याला त्या दिवशी गुरुसप्तमीचा मेळा भरतो. राजेंद्रसूरींची जन्मतिथी तीच आणि निर्वाणतिथीही तीच. १९०६मध्ये त्यांचं निर्वाण राजगढलाच झालं, समाधी मोहनखेड्याला आहे. त्यांनी केलेला प्राकृत शब्दांचा 'अभिधान राजेंद्र कोश' सात खंडांचा आहे आणि तो छापून झाला त्यांच्या पश्चात. आम्ही जैन नाही, पण राजगढात राहून सप्तमीला मोहनखेड्याला न जाणारं घर विरळाच. यंदा आजीचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली. आम्ही जाऊन आलो. संध्याकाळी माझी सात वर्षांची मुलगी तिला मेळ्याचं सांगत होती, तेव्हा आजी तिला म्हणाली,

"तेव्हा गाड्या कुठे होत्या? तुझे पणजोबा सकाळीच सायकल काढत. तुझ्या आबांना पुढे दांडीवर बसवत. मी मागे बसे. पिशवी मांडीवर धरी. रस्ता कच्चा होता, फार धूळ उडे. गावोगावचे लोक पायी येत."

मुलीने विचारलं, "बसे म्हणजे? तू बस म्हणालीस?"

"नाही गं, मी बसे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, म्हणजे 'बैठती थी' ना?"

अगदी बरोबर. हिंदीने तिला अर्थ दिला, मराठीने दिला नाही. घरी आम्ही म्हणतो 'बसायची', किंवा माळव्यातल्या हिंदीच्या सवयीने सरसकट 'बसत होती'. त्या 'बसत होती'त 'बैठती थी' आणि 'बैठ रही थी' दोन्ही येऊन बसतात, रोजचं कुठलं आणि त्या क्षणाचं कुठलं ते कळत नाही. 'बसे' म्हटलं की एका दिवसाची गोष्ट उरत नाही. दर सप्तमीला, वर्षानुवर्षं, असं ते असतं.

शाळेत आपण याला रीतिभूतकाळ म्हणून एक गुणासाठी शिकलो. रात्री मी वही घेऊन बसलो आणि आपल्याच भाषेची सहा रूपं लिहायला लागलो. तो बसे, ते बसत. इथवर ठीक. पुढे अडलो. जुन्या व्याकरणाप्रमाणे मी बसे, तू बसेस, आम्ही बसू, तुम्ही बसा. आता 'आम्ही बसू' म्हटलं तर वाटतं, पुढे कधीतरी बसणार आहेत. 'तुम्ही बसा' म्हटलं तर समोरचा खुर्ची ओढेल. रूपं दुसऱ्या कामाला लागली आणि या कामावर माणूसच उरला नाही. फ्रेंचसारखंच आपल्याकडेही पुस्तकात राहिलं ते मुख्यतः 'तो' आणि 'ते'.

प्रोग्राम लिहून पाहिला. नियम असा, की अकर्मक क्रियापदाला 'ए' आणि सकर्मकाला 'ई', म्हणून बसे, उडे, पण करी, धरी. मग अपवाद निघाले. 'जा' आणि 'ये' अकर्मक, तरी जाई, येई. 'म्हण'चं मात्र म्हणे. मोरो केशव दामल्यांनी १९११मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' छापलं, त्यात क्रियापदांचा किती बारीक विचार केला आहे ते अशा वेळी कळतं.

गंमत म्हणजे ज्ञानेश्वरांच्या मराठीत हे रूप वर्तमानकाळाचं होतं. तो वर्तमान म्हणींत अजून जिवंत आहे. 'देव तारी त्याला कोण मारी', 'बळी तो कान पिळी', 'दाम करी काम'. आणि 'तो कॅनडाला चाललाय म्हणे' यातलं 'म्हणे' तर आपण रोज वापरतो. ते याच रूपाचं आहे हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

परतताना धारला थांबलो. तिथे भोजशाळा–कमाल मौला या वास्तूत परमारकाळातले कोरीव लेख आहेत, नागाच्या वेटोळ्यांच्या आकाराचे. त्यांत संस्कृतची वर्णमाला, नामांचे प्रत्यय आणि दहा लकारांत क्रियापदाला लागणारे प्रत्यय बसवले आहेत. म्हणजे मी वहीत करत होतो तोच तक्ता, आठ-नऊशे वर्षांपूर्वी दगडात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले या मराठी गृहस्थांनी तिथल्या लेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मुलीला मी ते सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग मोठी आजी पडे का सायकलवरून?"

मी गाडीजवळ उभाच राहिलो. 'पडे' हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तक्ता तर मुळीच दाखवला नव्हता. आदल्या दोन रात्री ती आजीजवळ झोपली होती आणि आजी तिला जुन्या गोष्टी सांगत होती, एवढंच.

कोड्याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथे मिळालं. तक्ता दगडात कोरा, पुस्तकात छापा नाहीतर प्रोग्राममध्ये घाला, त्याने रूप जपलं जातं. ते जिभेवर यायला मात्र त्या रूपात गोष्ट सांगणारं कोणीतरी लागतं आणि ऐकणारं कोणीतरी.

आता थोडं अवघड ते लिहितो. आमचा अर्ज मार्चमध्ये गेला. मुलगी तिकडे शाळेत इंग्रजी बोलेल, कदाचित फ्रेंचही. आजी आमच्याबरोबर येणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं आहे. मी तिला ही बातमी दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा. मी काय, मी आहे इथे." मला त्या वाक्याचं व्याकरण करवत नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही राजगढला व्हिडिओ कॉल लावतो. आधी मी आजीला 'कशी आहेस, औषध घेतलंस का' एवढंच विचारायचो आणि पाच मिनिटांत फोन ठेवायचो. आता फोन मुलीच्या हातात देतो आणि आजीला एकच सांगतो, "काहीतरी जुनं सांग." ती सांगते. वाईच्या घाटावर बायका धुणं धूत. आजोबांना चहा कमी दुधाचा लागे. पहिल्या पावसात राजगढच्या घराची कौलं गळत आणि ती रात्रभर भांडी मांडत बसे. मुलगी मध्येच चुकीचं रूप करते, 'आजोबा चहा पिये' म्हणते. आजी चूक काढत नाही. पुढच्या वाक्यात तेच क्रियापद बरोबर घालते, "हो, पीत ना, बशीत ओतून पीत," आणि गोष्ट पुढे जाते.

माझी फ्रेंचची परीक्षा बरी गेली. 'पार्लासियों' कोणी विचारलं नाही.