सोळाच्या खालचा काळोख

दिवाळी अंकासाठी रंगांविषयी काहीतरी सोपं लिहा, असं संपादकांनी कळवलं. मला मात्र गेल्या महिन्यातली एक फाइल सोडत नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

मी चेन्नईत वेस्ट मांबलममध्ये अयोध्या मंडपाजवळ राहतो आणि कोडंबाक्कमच्या सिनेमांसाठी कलरिस्टचं काम करतो. आमच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा स्वतः खेळलेल्या गेमचे व्हिडिओ करतो. तो पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, "सार, कलर पोचु." रंग गेला. गेम होता 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला. त्यातली कथा मधेमधे सावल्यांच्या बाहुल्यांनी पुढे सरकते. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी मंडीकर घराणी मराठी बोलतात, आपल्या कोकणात पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला जपली आहे. त्यामुळे ती दृश्यं पाहताना माझा जीव तिथे गुंततो. मुलाच्या व्हिडिओत नेमक्या त्याच सावल्या राखाडी, सपाट झाल्या होत्या.

कारण असं. संगणकाचा पडदा काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ मानतो. टीव्हीच्या जुन्या रीतीने चालणारा व्हिडिओ काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवतो. पहिल्या रीतीला फुल रेंज म्हणतात, दुसरीला लिमिटेड. मुलाने फुलमध्ये रेकॉर्ड केलं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने ती फाइल लिमिटेड समजून वाचली. मग १६ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात बुडालं. त्याने ब्राइटनेस वाढवला, तर तो काळाच राखाडी झाला, आतलं काही वर आलं नाही.

'फुल म्हणजे जास्त रंग' हा समज मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि आता त्याचा वीट आला आहे. पायऱ्या २२० च्या २५६ होतात, एवढं खरं. पण यूट्यूब, टीव्ही, फोन हे सगळे व्हिडिओ लिमिटेडच धरून चालतात. साखळीतल्या एका कडीने फाइलवरचा फुल-लिमिटेडचा शिक्का चुकीचा वाचला की त्या छत्तीस पायऱ्यांचा फायदा राहतो बाजूला, सावल्या मात्र जातात. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेक. ७०९ हे रंगाचं मानक आणि लिमिटेड रेंज ठेवावी, हे माझं ठाम मत आहे.

लाल रंगाचं दुखणं वेगळं. बहुतेक रेकॉर्डिंग ४:२:० मध्ये होतं: उजेड प्रत्येक पिक्सेलचा नोंदला जातो, रंग मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एक. रेक. ७०९ च्या हिशेबात उजेडातला लालचा वाटा जेमतेम २१ टक्के, निळ्याचा ७. म्हणजे काळ्यावरच्या लाल अक्षराची कड मुख्यतः रंगाच्या नोंदीवरच उभी असते, आणि तीच नोंद आपण पातळ केलेली असते. अक्षर पसरतं ते यामुळे. लोक सॅच्युरेशन वाढवतात, कुणाचा तरी फुकटचा लट, म्हणजे रंग बदलणारा तयार तक्ता चढवतात. पसरलेलं लाल आणखी भडक होतं. खरा उपाय ४:४:४ मध्ये (रंगही प्रत्येक पिक्सेलचा नोंदून) रेकॉर्ड करून, चित्र आडवं-उभं बरोबर दुप्पट, म्हणजे फोर के करून चढवण्याचा. तेव्हा फोर केची आडवी-उभी अर्धी झालेली रंगनोंद मूळ एचडीइतकी भरते. पण बघणाऱ्याने फोर के निवडलं तरच.

प्रतींमध्ये रंग हरवण्याचं दुःख आपल्याला नवं नाही. १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री' चित्रपटाचं रंगीत काम जर्मनीत झालं आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. तेव्हा रसायनं होती, आता आकडे आहेत. बसमध्ये, फोनच्या भडक मोडवर बघणाऱ्याला यातलं काय दिसेल, ही शंका मलाही छळते. तरी पुण्यातल्या कुणा चित्रकाराने तो निळसर काळा विचार करून निवडलेला असतो, तो माझ्या हातून जाऊ नये असं वाटतं.

मूळ रेकॉर्डिंग असतं तर फाइलचा शिक्का बदलून काम झालं असतं. १६ खालचं सगळं तिच्यात शाबूत होतं. पण जागा हवी म्हणून मुलाने ती पुसली आणि माझ्याकडे एक्स्पोर्ट आणली. त्यात आता वाचवण्यासारखं काही नाही. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. सेकंदाला ५० मेगाबिटने तासाभराचं रेकॉर्डिंग साडेबावीस जीबी होतं, दहा तासांचं सव्वादोनशे, आणि त्याच्या लॅपटॉपची सगळी जागा २५६. शेवटी आमचं एवढं ठरलं: एक्स्पोर्ट आणि मूळ फाइल माझ्या मॉनिटरवर शेजारी लावून सावल्या तपासायच्या, मगच मूळ पुसायची. पुढचा व्हिडिओ तो शनिवारी आणणार आहे.