चाल आणि वेग

इंग्रजांना धावण्यासाठी एक शब्द पुरला नाही. त्यांनी दोन घेतले, स्पीड आणि व्हेलॉसिटी. पैकी स्पीड त्यांच्या घरचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता यश, भरभराट. व्हेलॉसिटी लॅटिनच्या घरून आलेली, त्यामुळे ती जरा तोऱ्यात असते. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी स्पीडला 'चाल' म्हटलं आणि व्हेलॉसिटीला 'वेग'. आता मराठीत चाल गाण्याला असते, बुद्धिबळात असते आणि भाऊबंदकीत तर हमखास असते. तीत ही आणखी एक!

दोघींतला फरक तसा साधा. किती वेळात किती अंतर कापलं, एवढाच हिशेब ठेवते ती चाल. वेग त्यावर विचारतो, "ते ठीक, पण कुठल्या दिशेला?" स्कूटरचा काटा चाल दाखवतो. तुम्ही सासुरवाडीला निघालात की कचेरीला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. वाऱ्याचं तसं नाही. वारा ताशी ३० किलोमीटरने सुटलाय, एवढ्यावर होडीवाल्याचं भागत नाही. तो नैर्ऋत्येकडून येतोय की ईशान्येकडून, हे त्याला आधी हवं. इतकंच काय, चौकातल्या पुतळ्याला वळसा घालताना काटा २० वरून ढळला नाही, तरी तुमचा वेग क्षणाक्षणाला बदलत असतो. कारण दिशा बदलते.

इथवर मलाही मजा वाटत होती. पण माझी नववीतली नात एवढ्यावर थांबणारी नव्हे.

"आजोबा, सरासरी वेग काढताना कापलेलं अंतर धरत नाहीत, विस्थापन धरतात. म्हणजे निघालात तिथून पोचलात तिथवरची सरळ रेघ. तुम्ही रोज बोरिवलीहून चर्चगेटला जायचात ना?"

"जायचो."

"आणि परत यायचात?"

"न येऊन सांगतो कुणाला?"

"मग विस्थापन शून्य. म्हणजे सरासरी वेगही शून्य!"

मी कागद ओढला. एका बाजूचे ३४ किलोमीटर, जाऊन येऊन ६८. वर्षाचे ३०० दिवस, नोकरी ३० वर्षं. झाले ६ लाख १२ हजार किलोमीटर! चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे मी चंद्रावर जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट तुडवली होती, तीही बहुतेक उभ्याने. आणि नववीचं पुस्तक म्हणतं, शून्य!

मी पृथ्वीला साक्षीला काढलं. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते बिचारी, आणि वर्षाअखेर सूर्याच्या हिशेबाने पुन्हा तिथेच. वारकऱ्यांचं काय? पालखी पंढरपूरला जाते आणि आळंदीला परत येते. तिचाही वेग शून्यच का? "शून्यच," नात म्हणाली. विज्ञानाला भीडभाड नसते.

एवढ्यात आतून सौभाग्यवतींचा आवाज आला. "शून्य तर शून्य. त्या शून्याच्या भरवशावर मी रोज सात वाजता चहाचं आधण ठेवायची. अगं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात. त्या रात्री तुझ्या आजोबांचं ते विस्थापन का काय, ते शून्य झालं नव्हतं. मी पहाटेपर्यंत गॅलरीत उभी होते. हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, चालत, चपला हातात घेऊन."

त्या दिवशीची माझी चाल ताशी दोन किलोमीटरही नसेल. दिशेबद्दल मात्र कधी शंका नव्हती.

नातीने काही न बोलता वही पुढे ओढली, उत्तर म्हणून शून्य लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.